चौघांचा डाव: अलास्कातला घरगुती नियम आणि सप्टेंबर २०२४

मॅजिक: द गॅदरिंग हा जादूच्या लढाईचा पत्त्यांचा खेळ चौघांनी मिळून खेळायचं आम्ही पहिल्यांदा ठरवलं तेव्हा नियम दोघांचेच वापरले, कारण दुसरे माहीतच नव्हते. प्रत्येकाचा ६० पानांचा डेक, प्रत्येकाला २० लाइफ (ते संपलं की तो बाहेर), ज्याला वाटेल त्याने वाटेल त्याच्यावर अटॅक करायचा, शेवटी उरेल तो जिंकला. पुण्यात मित्राच्या घरी, रविवारची दुपार, जेवणाचं टेबल ओल्या फडक्याने पुसून मग कोरडं केलेलं, दोघांचे डेक खरे आणि दोघांचे झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून, कापून, जुन्या पानांच्या पुढे स्लीव्हमध्ये सरकवलेले. वीस मिनिटांत एक जण बाहेर. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं, त्याचा पहिला मोठा क्रीचर, म्हणजे लढणारं पान, बाकीच्यांच्या आधी उतरला एवढंच, आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून त्यालाच धरलं. त्यानंतरचे दोन तास तो आमच्यासाठी चहा करत होता, मोबाइल बघत होता, मधूनमधून येऊन "संपला का?" विचारत होता. आम्ही तिघं मात्र हलत नव्हतो, कारण जो आधी हात उगारेल त्याच्यावर बाकी दोघं तुटून पडणार हे तिघांनाही कळलेलं. शेवटी कंटाळून एकाने मुद्दाम सगळं माझ्यावर सोडलं आणि तिसरा जिंकला.

ही दुपार मी एवढी सविस्तर सांगतोय कारण चौघांच्या पत्त्यांमधली जवळजवळ सगळी दुखणी त्या एका डावात दिसली. एकावर तिघांनी पडणं, बाहेर गेलेल्याने रिकामं बसणं, उरलेल्यांनी कासवासारखं पाय पोटात घेऊन बसणं, आणि हरणाऱ्याने जाता जाता कोण जिंकणार ते ठरवणं. दोघांच्या खेळात यातलं एकही नसतं. रिचर्ड गारफिल्डने १९९३ मध्ये मॅजिक आणला तेव्हा तो मुळात द्वंद्वच होता, समोर एकच माणूस, त्यामुळे त्याचं संपवणं हेच तुमचं जिंकणं. तिसरा माणूस बसला की हा हिशोब मोडतो, कारण मी तुझ्यावर खर्च केलेलं प्रत्येक पान हे खरं तर त्या तिसऱ्याला दिलेली भेट असते.

आपल्याकडे घरोघरी पत्त्यांचे नियम बदलतात याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. मेंढीकोटात हुकूम कसा ठरवायचा, आधीच लपवून ठेवायचा की कुणाकडे रंग नसेल तेव्हा बोलायचा, हे घरागणिक वेगळं असतं आणि पाहुणा आला की पहिली पाच मिनिटं "आमच्याकडे असं खेळतात" यातच जातात. तीन-दोन-पाच तर तिघंच जमले तर काय खेळायचं याचं उत्तर म्हणून ३० पानं ठेवून बसवलेला खेळ, आणि त्यात कमी हात करणाऱ्याकडून पुढच्या डावात पान ओढायची जी सोय आहे ती कुणी डिझायनरने कागदावर काढलेली नाही, ती खेळता खेळता आली. मॅजिकमधल्या ज्या प्रकाराबद्दल मला लिहायचंय तो असाच आलेला आहे. एल्डर ड्रॅगन हायलँडर, थोडक्यात ईडीएच, ज्याला आज सगळे कमांडर म्हणतात.

याची सुरुवात अलास्कात. १९९० च्या दशकात तिथे अ‍ॅडम स्टेली आणि त्याच्या मित्रांचा एक गट होता आणि त्यांनी आपल्यापुरता हा प्रकार बसवला. १९९४ मध्ये लेजेंड्स नावाचा नव्या पानांचा सेट आला होता, त्यात पाच एल्डर ड्रॅगन होते: निकोल बोलास, आर्केडीस सॅबॉथ, क्रोमियम, पॅलाडिया-मॉर्स आणि व्हेव्हिक्टिस अस्मादी. पाचही तीन-तीन रंगांचे, पाचही आठ मानाचे (माना म्हणजे पान खेळायला भरायची जादूची ऊर्जा, तिलाही रंग असतात), पाचही उडणारे आणि ७/७, म्हणजे फटका सातचा आणि सोसणंही सातचं. दोघांच्या डावात ही पानं जवळपास कुचकामी, आठ माना जमेपर्यंत डाव संपलेला असतो, आणि उतरवलाच तरी दर टर्नच्या सुरुवातीला त्याच्या तिन्ही रंगांचा एकेक माना भरला नाही तर तो सॅक्रिफाइस करायचा, म्हणजे आपणच मारून टाकायचा. पण दिसायला, हातात धरायला इतकी भारी पानं की ती फोल्डरमध्ये पडून राहावीत हे कुणालाच पटणार नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हा प्रकार कुणी समतोल साधायला म्हणून बनवला नाही, तो आवडती पण न चालणारी पानं चालवायला बनवला. प्रत्येकाने एक ड्रॅगन आपला सेनापती म्हणून घ्यायचा, तो डेकच्या बाहेर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, आणि बाकीचा डेक त्याच्याच रंगांत बांधायचा. पुढे ड्रॅगनच हवा ही अट गेली आणि कुठलाही लेजेंडरी, म्हणजे स्वतःचं नाव असलेला खास क्रीचर चालू लागला.

आता नियम बघू, कारण यातला एकेक नियम वरच्या दुखण्यांपैकी कशावर तरी बसतो.

लाइफ ४०. वरवर वाटतं की डाव उगाच लांबवलाय. पण चौघांत तुमच्या समोर तिघं असतात. २० लाइफ ठेवलं तर पहिल्या तीन-चार टर्नमध्ये छोटे क्रीचर घेऊन धावणारा डेक एखाद्याला सहज उडवतो आणि मग तो माणूस चहा करायला जातो. ४० केलं की तसल्या डेकला तिघांचं मिळून १२० कापायचंय, ते ६० पानांच्या दमाचं काम नाही. म्हणजे हा आकडा त्या पहिल्या मरणाऱ्यासाठी आहे, त्याला दीड तास तरी टेबलावर ठेवायचं म्हणून.

मग प्रश्न येतो की ४० पासून सुरू करून कुणी लाइफ वाढवतच गेला तर त्याला मारायचं कसं? इथे माझा सगळ्यात आवडता नियम येतो. एकाच कमांडरने (त्या सेनापतीलाच आता कमांडर म्हणतात) एका खेळाडूला डावभरात एकूण २१ कॉम्बॅट डॅमेज, म्हणजे अटॅकमधला मार, केलं की तो खेळाडू बाहेर, लाइफ कितीही असो. २१ का? सात त्रिक एकवीस. एल्डर ड्रॅगन ७/७ चा, त्याचे तीन फटके. ड्रॅगनची अट कधीच गेली, आज लोक बेडूक घेऊन खेळतात, खारी घेऊन खेळतात, पण तो २१ अजून तसाच आहे, जुन्या वाड्याच्या जागी बिल्डिंग उभी राहते आणि अंगणातली विहीर मात्र तशीच ठेवतात तसा.

हे तीन फटके मी आमच्या टेबलावर पाहिलेत. आमच्यातला एक जण पांढरा-काळा डेक खेळतो, लाइफ वाढवणं हेच त्याचं काम, त्या दिवशी तो १३४ वर होता आणि कागदाच्या कोपऱ्यावर आकडे खोडून खोडून त्याला जागा उरली नव्हती. दुसऱ्याने मूळचा निकोल बोलास कमांडर म्हणून आणलेला, अर्थातच प्रिंट काढलेला. सगळ्यांनी आधी हसून घेतलं, कारण इतकं महाग आणि जड पान आज कुणी खेळत नाही. पण डाव लांबला आणि त्याचे आठ माना झाले. पहिला फटका, सात, आणि या ड्रॅगनचा फटका लागला की हातातली सगळी पानं टाकायची, त्यामुळे पांढऱ्या-काळ्यावाल्याचा हात रिकामा. पुढच्या टर्नला तीन माना भरून ड्रॅगन जिवंत ठेवला, दुसरा फटका, चौदा. मग अख्खं टेबल जागं झालं, तिघंही त्या एका ड्रॅगनवर काहीतरी पान सापडतंय का बघायला लागले, उरलेल्यांपैकी एकाने "मी मारतो त्याला, पण पुढचे दोन टर्न माझ्यावर अटॅक नाही" असा सौदा मांडला, पांढरा-काळावाला एका टर्नवर अडून बसला, दोन कबूल करेना, आणि त्या घासाघिशीत तिसरा फटका बसला. एकवीस. १३४ लाइफ तसंच कागदावर.

तिसरा नियम शंभर पानांचा, आणि बेसिक लँड, म्हणजे माना देणारी साधी पानं, सोडली तर कुठलंही पान एकदाच. हायलँडर हे नाव यातूनच आलं, १९८६ च्या त्याच नावाच्या सिनेमात शेवटी एकच उरतो म्हणून. दोघांच्या खेळात एकेका पानाच्या चार प्रती ठेवता येतात, ६० पानांत चार, त्यामुळे सुरुवातीला हातात येणाऱ्या सात पानांत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. इथे कमांडर बाजूला काढला की ९९ पानांत एक, पहिल्या सातात ते यायची शक्यता जेमतेम ७ टक्के, आणि दहाव्या टर्नपर्यंत सतरा पानं पाहिली तरी सतरा टक्क्यांच्या आसपासच. याचा अर्थ दर डाव वेगळा पडतो, तोच डेक, तीच चार माणसं, तरी मागच्या रविवारसारखं काही होत नाही. ज्या गटाला वर्षानुवर्षं त्याच चार-पाच लोकांशी खेळायचंय त्याच्यासाठी हे वरदान आहे. कारण घरगुती डावात सगळ्यात लवकर मरतं ते नावीन्य. कमांडर मात्र दर डावात हमखास हाताशी, मेला तरी परत आणता येतो, दर वेळी दोन माना जास्त भरून. म्हणजे शंभर पानांच्या गोंधळात एक ओळखीचा चेहरा कायम.

आणि या सगळ्यावर कुठेही न लिहिलेला एक नियम होता: समोरच्यांची दुपार खराब करायची नाही. अलास्कातल्या त्या टेबलावर हे लिहायची गरजच नसणार, कारण सगळे मित्र, उद्या परत भेटायचंय. घरगुती प्रकाराचं बळ इथेच असतं असं मला वाटतं. नियमाला पडलेलं भोक टेबलावरची नजर बुजवते.

तिथून हे जगभर गेलं ते शेल्डन मेनेरीमुळे. हा माणूस अमेरिकेच्या हवाई दलात होता, अलास्कात नेमणूक असताना त्याला हा प्रकार भेटला, आणि तो मॅजिकचा वरच्या पातळीवरचा जज होता. मोठ्या स्पर्धा असायच्या तिथे तो जायचा आणि दिवसभर लोकांच्या भांडणांचे निकाल देऊन झाल्यावर रात्री जज लोक मिळून हे खेळायचे. मला तो प्रसंग डोळ्यासमोर आणायला फार आवडतो. खेळाचे सगळे बारकावे ज्यांना तोंडपाठ, दिवसभर ज्यांनी जिंकण्यासाठी जीव टाकणारी माणसं पाहिलेली, त्यांना रात्री खेळायला काय हवं होतं तर असा डाव ज्यात जिंकणं दुसऱ्या नंबरवर असेल. ते आपापल्या देशात गेले आणि सोबत हा घेऊन गेले. पुढे मेनेरी आणि काही सहकाऱ्यांनी रूल्स कमिटी नावाचा छोटा गट केला, नियम एका जागी लिहिले, बंदी घातलेल्या पानांची छोटीशी यादी ठेवली. कंपनीचं नियंत्रण नाही, बक्षिसाची स्पर्धा नाही.

कंपनी आली २०११ च्या जूनमध्ये. मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने शंभर-शंभर पानांचे पाच तयार डेक काढले, नाव दिलं कमांडर, कारण हायलँडर हे नाव काही त्यांच्या मालकीचं नव्हतं. पण नियम आणि बंदीची यादी कमिटीकडेच राहिली. हे विलक्षण आहे. एवढ्या मोठ्या कंपनीने स्वतःच्या खेळाच्या एका प्रकारावर पैसे कमवायचे आणि त्याचे नियम मात्र बाहेरच्या स्वयंसेवकांनी ठरवायचे, हे तेरा वर्षं चाललं.

त्या काळात कंपनीने चौघांच्या टेबलासाठी म्हणून मुद्दाम पानं बनवली आणि त्यातली काही खरंच सुंदर आहेत. २०११ चाच एड्रिक घ्या: कुणाचाही क्रीचर तुमच्या प्रतिस्पर्ध्याला लागला की ज्याचा तो क्रीचर त्याला एक पान मिळतं. म्हणजे एड्रिकवाल्याला सोडून कुणालाही मारा, खाऊ मिळेल. लगेच कासवं डोकं बाहेर काढतात. २०१६ मध्ये मोनार्क आला, टेबलावर एकच राजा, त्याला आपल्या दर टर्नच्या शेवटी एक जास्तीचं पान, आणि त्याला कॉम्बॅटमध्ये डॅमेज केलं की राजेपद मारणाऱ्याकडे. नुसतं बसून राहणं महाग पडावं म्हणून याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. आमच्याकडे राजाच्या समोर घरातला पितळी पेला ठेवतो, तो टेबलावर इकडून तिकडे फिरत असतो.

पण सगळी पानं अशी नसतात. काही पानं दोघांत साधी आणि चौघांत राक्षस होतात, आणि हे घरगुती प्रकार बसवणाऱ्या कुणालाही लक्षात ठेवावंच लागेल. "प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे" असं जिथे लिहिलेलं असेल तिथे आकडा तिप्पट होतो, किंमत तीच राहते. ऱ्हिस्टिक स्टडी हे २००० सालचं साधं निळं पान: समोरच्याने पान खेळलं की त्याने एक माना जास्त भरावा, नाहीतर तुम्ही एक पान उचला. दोघांत ठीकठाक. चौघांत तिघं आपापलं खेळतायत आणि दर वेळी "एक भरतोस का?" "नाही." "उचललं." हे एका दुपारी चाळीस वेळा ऐकलं की माणसाला ते पान फाडावंसं वाटतं. आमच्यातल्या एकाने ते स्वतःहून काढून टाकलं, कुणी सांगितलं नव्हतं, फक्त तीन रविवार त्याने आमचे चेहरे पाहिले.

आता मूळ प्रकरण. चेहरे बघून पान काढायचं हे चार मित्रांत होतं. पण २०२० नंतर कमांडर हा मॅजिकचा मुख्य खेळ होऊन बसला, कंपनीने ते वर्षच कमांडरचं म्हणून जाहीर केलं होतं, लॉकडाउनमध्ये लोक वेबकॅम टेबलाकडे वळवून अनोळखी माणसांशी खेळायला लागले, दुकानांत समोर कोण बसेल ते सांगता येईना. तिथे चेहरा वाचायला वेळ नाही आणि उद्या परत भेटायचं नाही. मग लोकांनी रूल झिरो ही आधीपासूनची पद्धत घट्ट धरली: डाव सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या, कुणाचा डेक किती ताकदीचा ते सांगा. कल्पना चांगली, पण प्रत्येक जण म्हणतो माझा डेक दहापैकी सात. सात म्हणजे काय हे दोन माणसांना सारखं कळलेलं मी तरी पाहिलं नाही.

७ सप्टेंबर २०२३ ला शेल्डन मेनेरी कॅन्सरने गेले. टेबलावरच्या समजुतीवर ज्या माणसाचा सगळ्यात जास्त भरवसा होता तो माणूस गेला. आणि एका वर्षाने, २३ सप्टेंबर २०२४ ला, कमिटीने एकदम चार पानांवर बंदी घातली: माना क्रिप्ट, ज्युएल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नाडू.

चारही पानं बघितली तर कमिटीचं म्हणणं कळतं. माना क्रिप्ट शून्य मानाचं पान आणि दर टर्नला दोन माना देतं, म्हणजे पहिल्याच टर्नला तुम्ही बाकीच्यांच्या दोन टर्न पुढे. ज्युएल्ड लोटस शून्याचं, एकदाच वापरायचं, तीन माना देतं पण फक्त कमांडरसाठी. डॉकसाइड हा दोन मानाचा गॉब्लिन, प्रतिस्पर्ध्यांकडे जेवढे आर्टिफॅक्ट आणि एन्चँटमेंट (जादूच्या वस्तू आणि मंत्रांची पानं) तेवढे ट्रेझर, म्हणजे मोडून एकेक माना मिळणारे खजिने, तो तुम्हाला देतो, आणि प्रतिस्पर्धी तिघं, म्हणजे परत तो तिपटीचा हिशोब, दोन माना घालून सात-आठ हातात. नाडूचं दुखणं वेगळं, त्याला टार्गेट केलं, म्हणजे कशाचाही नेम त्याच्यावर धरला, की पान मिळतं, तुमच्याच दुसऱ्या क्रीचरवर धरला तरी मिळतं, आणि एकच माणूस आपला टर्न पंधरा-वीस मिनिटं खेळत बसतो, बाकीचे बघत राहतात. म्हणजे आमचा तो चहा करणारा मित्र, फक्त खुर्चीत बसवलेला. खेळ म्हणून विचाराल तर चारही बंदी मला पटतात, आजही. ४० लाइफचा नियम ज्या माणसासाठी होता त्याच माणसाला ही पानं परत बाहेर काढत होती. सोल रिंग त्याच जातीचं पान असून ठेवलं, ते या प्रकाराची ओळखच बनलंय आणि प्रत्येक तयार डेकमध्ये येतं म्हणून, हे तर्कात बसत नाही पण घरात बसतं, मेंढीकोटात दहाच का मोजायचे हे तरी कुठल्या तर्कात बसतं.

मग आग का लागली? कारण ही पानं आता फोल्डरमध्ये पडलेली आवडती पानं राहिली नव्हती. नाडू सोडला तर एकेक पान हजारो रुपयांचं, आणि ज्युएल्ड लोटस तर या प्रकाराबाहेर पूर्ण निरुपयोगी, कमांडर नसेल तर त्याचे माना कशावरच वापरता येत नाहीत, म्हणजे बंदीच्या दिवशी त्याचा नुसता कागद झाला. लोकांनी ती साठवलेली, काहींनी महिनाभर आधीच घेतलेली. काही इशारा नाही, या पानांवर आमची नजर आहे असं आधी सांगणं नाही, एका सकाळी यादी. कमिटीची चूक मला इथे दिसते, निर्णयात नाही. घरात सुद्धा नियम बदलायचा तर आपण म्हणतो, हा डाव होऊ दे, पुढच्यापासून असं. त्यांनी चार मित्रांच्या विश्वासावर लाखो अनोळखी लोकांसाठी नियम बदलला, आणि त्या लोकांकडे तो विश्वास नव्हताच, कारण त्यांनी कमिटीला कधी टेबलावर पाहिलेलं नव्हतं.

पण त्यापुढे जे झालं त्याला कुठलीही चूक पुरत नाही. कमिटीच्या माणसांना धमक्या आल्या, जिवाच्या धमक्या, पत्त्यांच्या पानांवरून, आणि ही माणसं कुणी नोकरदार अधिकारी नव्हती, हौशीने हे काम करणारी होती. आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, जाहीर झालं की प्रकाराची जबाबदारी विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे जातेय. ते वाचलं त्या रात्री मला खरंच झोप आली नाही. कुणी म्हणेल पत्त्यांचा खेळ तो, त्यात काय. पण अलास्कातल्या एका टेबलावर सुरू झालेली गोष्ट इतकी वर्षं लोकांच्या हातात राहिली होती, आणि ती काढून कुणी घेतली नाही, धरून ठेवणाऱ्यांना ती धरवेनाशी केली.

कंपनीने नंतर बाहेरच्या अनुभवी लोकांचं एक पॅनेल नेमलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रॅकेट नावाची पद्धत चाचणीसाठी आणली. पाच पायऱ्या: पहिलीत नुसत्या हौसेचे डेक, दुसरीत साधारण तयार डेकच्या ताकदीचे, तिसरीत सुधारलेले, चौथीत बांध सोडलेले, पाचवीत जिंकायलाच बसलेले. सोबत गेम चेंजर म्हणून एक यादी, सुरुवातीला ४० पानांची, ऱ्हिस्टिक स्टडी त्यात आहेच. पहिल्या दोन पायऱ्यांत यातलं एकही नाही, तिसरीत तीनपर्यंत, वर कितीही. मला हे बंदीपेक्षा बरं वाटतं. बंदी सांगते हे पान खेळू नको, ब्रॅकेट विचारतं तुम्ही चौघं आज कसला डाव मांडताय. दहापैकी सातवाल्या गप्पांपेक्षा "तिसरा ब्रॅकेट, दोन गेम चेंजर" हे अनोळखी माणसालाही कळतं. टेबलावरची नजर अख्खी कागदावर येणार नाहीच, डेक बसतो दुसऱ्यात आणि वागणं पाचव्यातलं असे लोक असतातच, पण जिथे नजर नाही तिथे निदान भाषा तरी दिली.

आमच्या टेबलावर मात्र वेगळाच पेच आला. आमच्यापैकी एकाकडे माना क्रिप्ट खरं आहे, प्रिंट नाही. भावाने परदेशातून येताना आणलेलं, त्याच्या सगळ्या पानांत हे एकच डबल स्लीव्हमध्ये. बंदी आली त्या रविवारी त्याने डेक काढला आणि काही न बोलता ते पान बाजूला, चष्म्याच्या केसवर ठेवलं. ज्याच्या घरी आम्ही खेळतो तो म्हणाला, अरे ठेव की आत, आपल्यात कोण बंदी घालणार. लाइफवाला म्हणाला, मला त्रास होतो त्याचा, पहिल्या टर्नला आलं की आमचा डाव तिथेच संपतो. हे त्याने बंदीआधी कधीच म्हटलं नव्हतं. अर्धा तास हाच वाद, पानं पिसायची राहिली, आई आतून विचारायला आल्या की पोहे आता करू का नंतर. शेवटी ठरलं ते असं: क्रिप्ट डेकमध्ये राहील, पण पहिल्या सात पानांत आलं तर ते खाली घालायचं आणि दुसरं उचलायचं. कुठल्याही कमिटीच्या यादीत हा नियम सापडणार नाही.

माना क्रिप्टची एक किंमत असते, दर टर्नच्या सुरुवातीला नाणं उडवायचं, हरलात तर तीन डॅमेज स्वतःलाच. तो जुना एक रुपया वापरतो आणि कायम काटा मागतो. मागच्या महिन्यात डाव संध्याकाळपर्यंत लांबला, दोघं बाहेर गेलेले पण उठलेले नव्हते, खुर्च्या ओढून बघत बसलेले, तो तीन लाइफवर आणि मी अकरावर, आणि त्याच्या समोर मला संपवायला पुरेसे क्रीचर उभे होते. फक्त टर्न सुरू व्हायचा होता. त्याने रुपया उडवला, तो टेबलाच्या कडेवर आपटून खाली गेला आणि चौघंही मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाखाली वाकलो. रुपया पितळी पेल्याला टेकून उभा होता, पेला कधी खाली पडला ते कुणालाच आठवेना. परत उडवायचा की नाही यावर परत वाद, मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, परत उडव. छापा आला.